आंतरराष्ट्रीय शाळांचे संघ : अभ्यासक्रमाची निर्मिती, मालकी आणि प्रादेशिक कारभार

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा विषय निघाला की महाराष्ट्रातील चर्चा बहुधा शुल्क, इंग्रजी माध्यम आणि परदेशी विद्यापीठांतील प्रवेश या तीन मुद्द्यांपाशी येऊन थांबते. त्या अभ्यासक्रमाचा कारभार कसा घडत गेला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजेच आय.बी. या नावाने आज पाच हजारांहून अधिक शाळांत चालणारे शिक्षण मुळात कोणत्याही शासनाने किंवा विद्यापीठाने निर्माण केलेले नाही. परस्परांपासून दूर असलेल्या शाळांनी एकत्र येऊन जे संघ स्थापन केले, त्या संघांच्या बैठकांतून ते आकाराला आले. पदविका, माध्यमिक आणि प्राथमिक या तिन्ही टप्प्यांचे अभ्यासक्रम शाळांच्या सामूहिक प्रयत्नातून उभे राहिले आणि तिन्ही कालांतराने एका केंद्रीय संस्थेच्या स्वाधीन झाले. ज्यांनी अभ्यासक्रम घडविला त्यांच्याकडे तो का राहिला नाही, आणि तो गेल्यानंतर शाळांच्या प्रादेशिक संघांकडे कोणते काम उरले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. संलग्न महाविद्यालये, विद्यापीठे आणि अभ्यासमंडळे यांच्या परस्परसंबंधांत वावरणाऱ्या अध्यापकवर्गाला हा प्रश्न अगदीच परका वाटू नये.

जिनिव्हातील अडचण आणि पहिला संघ

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालये जिनिव्हा येथे आली. निरनिराळ्या देशांचे अधिकारी कुटुंबांसह तेथे राहू लागले. त्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये इंटरनॅशनल स्कूल ऑफ जिनिव्हा ही शाळा सुरू झाली. आर्थर स्वीट्झर, लुडविक राइखमान यांसारखे राष्ट्रसंघाचे अधिकारी आणि आडोल्फ फेरिएर यांच्यासारखे नवशिक्षणाचे पुरस्कर्ते तिच्या स्थापनेत अग्रेसर होते. १९२९ पासून दोन दशके तिची धुरा वाहणाऱ्या मारी-तेरेझ मॉरेत यांनी शांततेसाठी शिक्षण कसे द्यावे याविषयीचे आपले विचार १९४८ मध्ये युनेस्कोसाठी लिहून काढले.

ध्येय उदात्त होते, तरी दैनंदिन अडचण मात्र अतिशय व्यावहारिक होती. शेवटच्या वर्गातील मुलांपैकी काहींना स्वित्झर्लंडची मात्युरिते, काहींना फ्रान्सचे बॅकॅलॉरिया, काहींना इंग्लंडची प्रगत स्तराची परीक्षा, तर काहींना अमेरिकेची कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यावयाची असे. सबंध शालेय जीवन एकत्र काढलेली मुले अखेरच्या दोन वर्षांत राष्ट्रनिहाय तुकड्यांत विभागली जात. एकेका तुकडीत मोजकेच विद्यार्थी असत आणि प्रत्येक तुकडीसाठी वेगळा शिक्षक लागे. आंतरराष्ट्रीय म्हणविणारी शाळा निरोपाच्या वेळी चार राष्ट्रीय शिकवणी वर्गांचे रूप धारण करी, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजाबरोबर अशा शाळांची संख्या वाढली. न्यूयॉर्क येथील युनायटेड नेशन्स इंटरनॅशनल स्कूल १९४७ मध्ये स्थापन झाली. याच पार्श्वभूमीवर १९५१ मध्ये जिनिव्हात ‘इंटरनॅशनल स्कूल्स असोसिएशन’ हा संघ अस्तित्वात आला. त्याला युनेस्कोचा सल्लागार दर्जा मिळाला, परंतु त्याच्यापाशी स्वतःचे असे भांडवल नव्हते. सभासद शाळांत साम्य थोडे होते. कोणी पालकांनी चालविलेल्या, कोणी कंपन्यांच्या वसाहतींतील, तर कोणी धर्मादाय न्यासाच्या होत्या. अशा संघाचा कारभार म्हणजे पत्रव्यवहार, वार्षिक सभा आणि एकमेकांच्या अनुभवांची देवाणघेवाण इतकाच असू शकत होता. तरीसुद्धा अखेरच्या परीक्षेचा प्रश्न प्रत्येक शाळेला सारखाच छळत होता, आणि संघाला एकत्र धरून ठेवण्यास तेवढे कारण पुरेसे ठरले.

१९६२ मध्ये या संघाने युनेस्कोच्या साहाय्याने जिनिव्हा येथे सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांची परिषद घेतली. सामाईक परीक्षेची कल्पना प्रथम येथे ठोसपणे मांडली गेली. तिच्यामागे संघाशी निगडित असलेले जिनिव्हातील इतिहासाचे शिक्षक रॉबर्ट लीच यांचा पुढाकार होता. समकालीन इतिहास हा ज्या विषयांवर सर्वांत आधी हात घातला गेला त्यांपैकी एक होता, हे इतिहासाच्या अध्यापकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. गणिताचे प्रमेय सीमा ओलांडून बदलत नाही. एकाच युद्धाचा इतिहास मात्र चार देशांच्या प्रश्नपत्रिकांत चार प्रकारे विचारला जातो. एका वर्गात बसलेल्या चार देशांच्या मुलांना तो एकत्र शिकवावयाचा झाल्यास प्रश्नपत्रिका कोणी काढावयाची, हा प्रश्न टाळता येत नाही.

संघापासून परीक्षा मंडळाकडे

१९६४ मध्ये संघाच्याच कुशीत ‘इंटरनॅशनल स्कूल्स एक्झामिनेशन सिंडिकेट’ ही परीक्षाविषयक समिती निर्माण झाली. ट्वेंटिएथ सेंच्युरी फंड आणि नंतर फोर्ड फाउंडेशन या अमेरिकन संस्थांचे अर्थसाहाय्य मिळाले. १९६७ मध्ये फ्रान्समधील सेव्र येथे अभ्यासक्रमविषयक महत्त्वाची परिषद झाली आणि १९६८ मध्ये स्विस कायद्यानुसार ‘इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट ऑफिस’ हे स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या शिक्षण विभागाचे प्रमुख ॲलेक पीटरसन त्याचे पहिले महासंचालक झाले आणि १९७७ पर्यंत त्या पदावर राहिले. इंग्लंडमधील शालेय शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यात विद्यार्थ्याला फार लवकर दोन-तीन विषयांत कोंडले जाते, ही त्यांची जुनी तक्रार होती. सहा विषय, त्यांपैकी तीन उच्च स्तरावर, जोडीला ज्ञानमीमांसा, प्रदीर्घ निबंध आणि वर्गाबाहेरील कार्य, ही पदविकेची रचना त्या तक्रारीला दिलेले उत्तर होते. वेल्समधील अटलांटिक कॉलेजसारख्या संस्थेने आरंभीच ती स्वीकारल्यामुळे तिला बळ मिळाले. पहिल्या अधिकृत परीक्षा १९७० मध्ये झाल्या.

या सहा वर्षांत संघ आणि परीक्षा मंडळ यांची ताटातूट झाली. तिची कारणे व्यक्तींच्या महत्त्वाकांक्षेत शोधण्यापेक्षा परीक्षेच्या स्वरूपात शोधणे अधिक योग्य होय. विद्यापीठाने एखाद्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर ज्या शाळांचे विद्यार्थी परीक्षेला बसतात त्याच शाळांच्या संघाने ती परीक्षा घेऊन चालत नाही. परीक्षक त्रयस्थ असावा लागतो. देणगीदार संस्थांनाही सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या सैल संघापेक्षा निश्चित उद्दिष्टाचे प्रतिष्ठान अधिक सोयीचे वाटते. संघाने आपल्या हाताने उभे केलेले काम अशा रीतीने त्याच्या आवाक्याबाहेर गेले. हे अपरिहार्य होते. परंतु त्याची किंमतही होती. आधी जी शाळा अभ्यासक्रमाची सहनिर्माती होती, ती आता मान्यतेसाठी अर्ज करणारी झाली.

देणग्यांचा ओघ आटू लागल्यावर हे परिवर्तन अधिक स्पष्ट झाले. १९७६ मध्ये हेग येथे विविध शासनांच्या प्रतिनिधींची परिषद होऊन पदविकेच्या भवितव्याचा विचार झाला. युनेस्कोने ही जबाबदारी घ्यावी हा विचार फलद्रूप झाला नव्हता. शासनांनी सहानुभूती दाखविली, काहींनी अंशदानही दिले. तथापि पुढील काळात संस्थेचा आर्थिक डोलारा मुख्यत्वे शाळांच्या शुल्कावरच उभा राहिला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मान्यताप्राप्त शाळांच्या प्रमुखांची स्थायी परिषदही स्थापन झाली. शुल्क भरणाऱ्याला बोलण्याचा अधिकार असावा, इतके तत्त्व त्यामुळे मान्य झाले. बोलण्याचा अधिकार आणि निर्णयाचा अधिकार यांत अंतर असते, हे कोणत्याही विद्यापीठाच्या अधिसभेत बसलेल्या व्यक्तीस वेगळे सांगावयास नको.

हाच क्रम पुढे आणखी दोनदा घडला. १९८० मध्ये टांझानियातील मोशी येथे आंतरराष्ट्रीय शाळांच्या मूळ संघाने परिषद भरविली. माध्यमिक शिक्षणाच्या मधल्या वर्षांतील मुलांच्या गरजा हा तिचा विषय होता. अकरा ते सोळा या वयोगटासाठी एक अभ्यासक्रम संघाने त्यानंतर दशकभर खपून तयार केला. १९९२ मध्ये तो आय.बी.कडे सोपविण्यात आला आणि १९९४ मध्ये ‘मिडल इयर्स प्रोग्रॅम’ म्हणून जाहीर झाला. प्राथमिक टप्प्यासाठी १९९० मध्ये काही शाळांनी ‘इंटरनॅशनल स्कूल्स करिक्युलम प्रोजेक्ट’ सुरू केला. केव्हिन बार्टलेट यांचा त्यात पुढाकार होता. १९९७ मध्ये तोही ‘प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम’ या नावाने आय.बी.च्या छत्राखाली आला. या दोन्ही टप्प्यांत बाह्य परीक्षेची अडचण आरंभी नव्हतीच. म्हणजे त्रयस्थ परीक्षकाचा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. येथे आड आले ते सातत्य. आंतरराष्ट्रीय शाळांतील प्राचार्य आणि शिक्षक काही वर्षांच्या करारावर येतात आणि निघून जातात. वर्गणी थोडी असते आणि कायम कर्मचारी जवळजवळ नसतात. उत्साहाच्या बळावर अभ्यासक्रम लिहिता येतो, परंतु दर पाच-सात वर्षांनी त्याची फेररचना करणे, शिक्षकांना प्रशिक्षण देणे आणि नव्या शाळा तपासणे यांसाठी कार्यालय लागते.

प्रदेशाचे काम : क्वेबेक, टेक्सास, फ्लॉरिडा

अभ्यासक्रम केंद्राकडे गेला, म्हणून संघ निरुपयोगी झाले असे मात्र घडले नाही. १९६५ मध्ये युरोपातील, १९६८ मध्ये पूर्व आशियातील आणि १९६९ मध्ये आफ्रिकेतील आंतरराष्ट्रीय शाळांचे संघ स्थापन झाले होते. ते कोणत्याही एका अभ्यासक्रमाशी बांधलेले नव्हते. शिक्षकभरती, संमेलने आणि शाळांचे मूल्यांकन ही त्यांची कामे होती. युरोपीय संघात २००३ मध्ये मूल्यांकनादी सेवा वेगळ्या काढून त्यांसाठी स्वतंत्र परिषद स्थापन करण्यात आली. सभासदांचे हितसंवर्धन आणि सभासदांची तपासणी ही दोन कामे एका छताखाली फार काळ सुखाने नांदत नाहीत, हा १९६८ चा धडा त्याही विभागणीत दिसतो.

केवळ आय.बी. शाळांच्या प्रादेशिक संघांत क्वेबेकचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. कॅनडाच्या या फ्रेंचभाषक प्रांतात माध्यमिक शाळा पाच वर्षांची असते. त्यानंतर विद्यार्थी ‘सेजेप’ या दोन वर्षांच्या विद्यापीठपूर्व महाविद्यालयात जातो. त्यामुळे दोन वर्षांची पदविका तेथील माध्यमिक शाळेत बसूच शकत नाही, तिची जागा सेजेपमध्ये आहे. उलट पाच वर्षांचा माध्यमिक अभ्यासक्रम जणू मापे घेऊन शिवल्यासारखा बसतो. मूळ संघाचा प्रायोगिक अभ्यासक्रम हातात येताच १९८० च्या दशकात क्वेबेकमधील शाळांनी आपली सोसायटी स्थापन केली. तीच पुढे ‘सेबिक’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाऊ लागली. येथे गोष्ट धनिकांच्या शाळांची नव्हती. सरकारी फ्रेंच माध्यमिक शाळांनी हा अभ्यासक्रम मोठ्या प्रमाणावर स्वीकारला.

या सोसायटीपुढील काम जिनिव्हातील कार्यालयाला करता येण्यासारखे नव्हते. प्रांतिक मंत्रालयाचा अभ्यासक्रम कायद्याने बंधनकारक होता आणि त्याच्या परीक्षाही द्याव्याच लागत. १९७७ च्या भाषाविषयक कायद्याने फ्रेंचचे स्थान निश्चित केले होते. अशा स्थितीत दोन अभ्यासक्रम एकाच वेळापत्रकात बसविणे, दोन्हींच्या मूल्यमापनाची सांगड घालणे, साहित्य फ्रेंचमध्ये उपलब्ध करून देणे आणि मंत्रालयाशी सर्व शाळांच्या वतीने एकाच तोंडाने बोलणे, अशी ही कामे होती. अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय असला तरी शाळा कोणत्या ना कोणत्या कायद्याखाली, कोणत्या ना कोणत्या भाषेत आणि कोणाच्या तरी अनुदानावर चालते. केंद्रीय संस्थेचे नियम सर्व देशांसाठी एकच असल्यामुळे ही बाजू तिच्या दृष्टीआड राहते. प्रादेशिक संघाचे कार्यक्षेत्र नेमके येथे सुरू होते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हीच गोष्ट राज्यांच्या पातळीवर दिसते. १९७५ मध्ये न्यूयॉर्क येथे उत्तर अमेरिकेसाठी आय.बी.चे कार्यालय उघडले. शिक्षण हा तेथे राज्यांचा विषय असल्याने टेक्सास, फ्लॉरिडा, कॅलिफोर्निया इत्यादी राज्यांत शाळांचे स्वतंत्र संघ उभे राहिले. टेक्सासने २००५ मध्ये कायदा करून आय.बी. पदविकाधारक विद्यार्थ्याला राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत किमान २४ श्रेयांक देणे बंधनकारक केले. कोणत्याही परीक्षेत सातपैकी चारपेक्षा कमी श्रेणी नसावी, एवढी अट ठेवली. फ्लॉरिडाच्या शालेय अर्थसाहाय्य कायद्यात चार किंवा अधिक श्रेणी मिळविणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे शाळेच्या पटात ०.१६ इतकी जादा गणना धरण्याची आणि संबंधित शिक्षकाला ५० डॉलर देण्याची तरतूद झाली. फलनिष्पत्तीवर शिक्षकाला बक्षीस देणे इष्ट की अनिष्ट, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. परंतु असे कायदे जिनिव्हाला माहीत नसतात. शाळेच्या समन्वयकाला मात्र ते तोंडपाठ असावे लागतात.

अशा संघाचा प्रत्यक्ष कारभार फारसा भव्य नसतो. निवडून आलेले काही प्राचार्य आणि समन्वयक, अल्प वार्षिक वर्गणी, कार्यशाळांतून मिळणारे थोडे उत्पन्न, विद्यापीठांच्या प्रवेश अधिकाऱ्यांशी बैठका, नव्या समन्वयकाला जुन्याने दिलेले मार्गदर्शन, असे त्याचे स्वरूप असते. शाळेला मान्यता देण्याचा किंवा ती काढून घेण्याचा अधिकार त्याला नसतो. नाव आणि बोधचिन्हसुद्धा केंद्राच्या अनुमतीनेच वापरता येते.

या दुबळेपणाचा खरा प्रत्यय २०२० मध्ये आला. करोनाच्या साथीमुळे मे महिन्याच्या परीक्षा मार्चमध्येच रद्द करण्यात आल्या. जुलैमध्ये अंतर्गत काम, शिक्षकांनी वर्तविलेल्या श्रेणी आणि शाळांची पूर्वीची आकडेवारी यांवर आधारित गणिती प्रारूपाने निकाल लावले गेले. शाळेच्या गतकाळावरून आजच्या विद्यार्थ्याची श्रेणी ठरावी, ही गोष्ट अनेकांना अन्यायकारक वाटली. विद्यार्थी आणि पालकांनी विविध देशांत तीव्र निषेध केला. नॉर्वेच्या वैयक्तिक माहिती संरक्षण प्राधिकरणाने आक्षेप घेतला. १७ ऑगस्ट रोजी आय.बी.ने श्रेणींची फेररचना जाहीर केली आणि त्यात कोणाचीही श्रेणी खाली येणार नाही असे स्पष्ट केले. अर्धशतकापूर्वी परीक्षेचा विश्वास टिकावा म्हणून परीक्षकाला शाळांपासून दूर नेण्यात आले होते. त्या वर्षी शंका घेतली गेली ती त्या दूरच्या परीक्षकावरच.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात कोडाईकॅनाल इंटरनॅशनल स्कूल ही १९७६ मध्ये आय.बी. मान्यता मिळविणारी पहिली शाळा ठरली. अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १९०१ मध्ये निघालेल्या या शाळेचा तो कायापालट होता. १९८३ मध्ये असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजने आय.बी. पदविकेला विद्यापीठ प्रवेशासाठी समकक्षता दिली. ही समकक्षता देणारी संस्थासुद्धा १९२५ च्या आंतरविद्यापीठ मंडळातून वाढलेला विद्यापीठांचा संघच आहे, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पौडजवळ १९९७ मध्ये युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. पुढील दशकात मुंबईत अशा शाळांची संख्या झपाट्याने वाढली.

समकक्षता कागदावर मिळाली तरी महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीवरची अडचण शिल्लक राहते, आणि ती अध्यापकवर्गाच्या परिचयाची आहे. मे सत्राचा आय.बी. निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. त्याआधीच येथील प्रवेशफेऱ्या सुरू झालेल्या असतात. ४५ गुणांचे रूपांतर शेकडेवारीत कसे करावयाचे, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हा गट सहा विषयांच्या रचनेत घेता येतो की नाही, अंदाजित श्रेणीवर तात्पुरता प्रवेश द्यावा की नाही, असे प्रश्न त्यातून उभे राहतात. एकेका पालकाने एकेका कार्यालयात जाऊन ते सोडवावेत अशी त्यांची जात नाही. क्वेबेक किंवा टेक्सासमध्ये ज्या कामासाठी संघ उभे राहिले, ते नेमके हेच काम होय.

महाराष्ट्र शासनाने मात्र वेगळा मार्ग चोखाळला. २०१८ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन करून जिल्हा परिषदांच्या काही निवडक शाळा त्याला जोडण्यात आल्या. मराठी माध्यमातून आंतरराष्ट्रीय दर्जाचा अभ्यासक्रम, ही त्यामागील कल्पना धाडसी होती आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. ग्रामीण शाळेतील मुलालाही चौकसपणे शिकण्याचा हक्क आहे, हे तिने गृहीत धरले होते. परंतु जिनिव्हा, मोशी आणि क्वेबेक येथे आधी शाळा एकत्र आल्या आणि मंडळ किंवा मान्यता नंतर आली. येथे मंडळ आधी आले आणि शाळा नंतर निवडल्या गेल्या. शिक्षकांच्या परस्पर सहकार्यातून अभ्यासक्रम पिकण्यास जो काळ लागतो, तो मिळालाच नाही. २०१९ मध्ये सत्तांतर झाले आणि २०२० मध्ये मंडळ गुंडाळण्यात आले. ते शासनाच्या निर्णयाने आले होते आणि शासनाच्याच निर्णयाने गेले. संलग्न शाळांना आपल्या जुन्या व्यवस्थेकडे परतावे लागले.

त्यानंतर २०२१ मध्ये राज्य शासनाने आय.बी.शी थेट इरादापत्र केले आणि बृहन्मुंबई महानगरपालिकेनेही आपल्या शाळांसाठी आय.बी. आणि केंब्रिज या संस्थांशी बोलणी सुरू केली. या वाटाघाटींत एका बाजूला शासन किंवा महापालिका होती आणि दुसऱ्या बाजूला केंद्रीय परीक्षा संस्था. ज्या शाळांत हा अभ्यासक्रम शिकविला जावयाचा होता, त्यांच्या शिक्षकांसाठी तिसरी खुर्ची त्या टेबलाशी मांडलेली नव्हती.